पंपाआधी पाहणी



पेस्ट कंट्रोलमध्ये उतरणारा नवा माणूस पहिल्या भेटीत बहुधा दोनच गोष्टी विचारतो: पंप कुठला घ्यायचा आणि औषध कुठलं मारायचं. या दोन्हींची उत्तरं बाजारातला दुकानदार पाच मिनिटांत देतो, वर बिलही फाडतो. कीड येते कुठून, हा तिसरा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. मुंबईत या व्यवसायाचा सगळा इतिहास त्या तिसऱ्या प्रश्नावर उभा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा रुग्ण ओळखला. मग शहरभर फवारणीची लगबग सुरू झाली. गटारांत कार्बोलिक ॲसिड आणि समुद्राचं पाणी सोडलं गेलं, भिंतींना चुना फासला, लोकांचं सामानसुमान जाळलं. माणसं गाव गाठायला पळाली, प्लेग मात्र हटेना. उपाय जोरात होते, पण शत्रू कोण याचाच पत्ता नव्हता. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, तरी अनेक वर्षं त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

तो वाद मिटवण्यात परळचा वाटा मोठा. जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. तिथे १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने छोट्या खोल्या बांधून गिनीपिगांवर प्रयोग केले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातली जनावरं प्लेगने मेली, दोन फुटांवरची वाचली, कारण पिसूची उडी तेवढी पोचत नाही. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागदाचा पट्टा अंथरला होता. पिसवा त्यावरच अडकल्या. आज हॉटेलच्या भटारखान्यात झुरळं मोजायला चिकट सापळा ठेवणारा टेक्निशियन त्याच रीतीने काम करतो: आधी मोजायचं, कुठल्या कोपऱ्यात जास्त सापडली ते टिपायचं, मग औषध.

मलेरियाचंही तसंच झालं. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या अहवालात मुंबईच्या मलेरियाचं मूळ दलदलीपेक्षा लोकांच्या दारातल्या विहिरी आणि टाक्यांत दाखवलं. ॲनोफिलिस स्टिफेन्साय हा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. गिरण्यांच्या जागी परळ-लालबागला टॉवर उठले तेव्हा विहिरींची जागा बांधकामावरच्या उघड्या टाक्यांनी, लिफ्टच्या खड्ड्यांनी घेतली. डास तोच राहिला. अशा साइटवर धुराचं यंत्र फिरवलं की गिऱ्हाईक खूश होतं, कारण काम दिसतं. टाकीला घट्ट झाकण बसवून घेणं किंवा तुंबलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडणं दिसत नाही, पण महापालिकेची नोटीस तेच टाळतं.

आता परवान्याकडे. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याखालचे नियम १९७१ चे. हा कायदा ज्या दुर्घटनेतून आला तिचा एक धागा मुंबईतच आहे. १९५८ मध्ये मुंबईहून कोचीनला निघालेल्या बोटीत खाण्याच्या पिठाबरोबर फॉलिडॉल, म्हणजे पॅराथिऑन हे जहाल कीटकनाशक ठेवलं होतं. ते गळून पोत्यांत मुरलं आणि केरळात शंभरावर माणसं दगावली. चौकशी न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या आयोगाने केली. अन्न आणि विष एका छताखाली ठेवायचं नाही, हा नियम नव्या माणसाला जाचक वाटतो. त्याने ही हकीकत एकदा वाचावी आणि मग स्वतःच्या टेम्पोत डब्याची पिशवी कुठे ठेवली आहे ते पाहावं.

व्यावसायिक परवान्यासाठी कृषी शाखेची किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी असलेला माणूस लागतो. शिवाय मान्यताप्राप्त संस्थेतलं किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण हवं. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, हैदराबादची राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था ही त्यातली प्रमुख नावं. दहावी-बारावी झालेल्या तरुणाने निराश होऊ नये. एखाद्या परवानाधारक कंपनीत टेक्निशियन म्हणून दोन-तीन पावसाळे काढणं हा त्याच्यासाठी चांगला रस्ता आहे. बाटलीवरच्या लाल, पिवळ्या, निळ्या आणि हिरव्या त्रिकोणांचा उतरता विषारीपणा, हातमोजे-मास्कची सवय, पत्रकावरचा उतारा वाचणं, हे तो तिथेच शिकतो. वास नसलेलं औषध निरुपद्रवी असतं असं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, हेही तिथेच शिकावं. दुर्दैवाने काही ठिकाणी उलटं शिकवलं जातं.

गिरगावातल्या चाळीत ढेकणांचं काम मिळालं तर नवा माणूस एका खोलीत मारा करून पैसे घेतो आणि महिन्याभरात त्याचा फोन वाजतो. सामायिक भिंत, लाकडी तुळया, गॅलरीत रचलेल्या गाद्या. ढेकूण एका बिऱ्हाडातून दुसऱ्यात जातो आणि पुन्हा परततो. बहुतेक औषधं अंड्यांवर नीट चालत नाहीत. ती साधारण आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात, म्हणून दोन आठवड्यांच्या आसपास दुसरा हात मारावाच लागतो. अख्खा मजला एकाच दिवशी करायचा तर चाळकमिटीची मीटिंग गाठावी लागते, ज्यांच्याकडे "आमच्यात नाहीत हो ढेकूण" असं ठासून सांगितलं जातं त्यांचीही गादी उचलून बघावी लागते. इथे कीटकशास्त्राइतकंच गोड बोलणं लागतं. काकूंनी चहा दिला की निम्मं काम झालं.

लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत गणित वेगळं. मिरची, हळद, धणे यांत पोरकिडे होतात आणि मालावर फवारा चालत नाही. मालाला ऊन दाखवून, तो चाळून, जुना आधी विकून आणि फळ्यांच्या फटीतली भुकटी झाडून निम्मी कीड जाते. कुणी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी सुचवली तर नव्या माणसाने तिथेच थांबावं. तिच्यातून निघणारा फॉस्फिन वायू फटींतून शेजारच्या आणि वरच्या खोलीत शिरतो. दुकानावर बिऱ्हाडं असलेल्या इमारतीत तिला जागा नाही. ती वापरण्याचे नियम आणि परवानगीही वेगळी आहे. त्याच लालबागेत गणपतीच्या दिवसांत उंदीर मारायला नको म्हणणारं गिऱ्हाईकही भेटतं. त्याच्याशी वाद न घालता बीळ बुजवणं, दाराखाली पत्रा ठोकणं, गटाराच्या तोंडाला जाळी बसवणं ही कामं काढावीत. बोटभर फटीतून मोठा उंदीरही आत येतो, त्यामुळे या कामांचा उपयोग दहा दिवसांनंतरही राहतो.

परळच्या रुग्णालयांच्या परिसरात रुग्णाच्या खाटेजवळ फवारा चालत नाही, तिथे बिजागरीच्या आत जेलचा ठिपका ठेवण्याइतका हलका हात लागतो. दादरला, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेत वाळवी किंवा कसर लागली तर पाण्यात कालवलेलं औषध पुस्तकावर मारणारा माणूस किडीपेक्षा जास्त नुकसान करील. इमारतीच्या वाळवीसाठी आयएस ६३१३ ही भारतीय मानक संहिता आहे. भिंत आणि फरशीच्या सांध्यावर फूट-फूट अंतराने भोकं पाडायची हे ती सांगते. कुठल्या भिंतीमागे नळ गळतोय, हे मात्र बघणाऱ्यालाच कळतं.

सरकारी नोकरीची वाट धरणाऱ्यांनी महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माहिती घ्यावी. त्या विभागातल्या रात्रपाळीच्या मूषक संहारकांवर मिरियम चांडी मेनाचेरी यांनी 'द रॅट रेस' हा माहितीपट केला. काठी आणि टॉर्च घेऊन रात्रीतून तीस उंदीर, असा त्यांच्या कामाचा हिशेब. या माणसांना वॉर्डातल्या गल्ल्या, कचऱ्याच्या जागा, बिळांच्या वाटा पाठ असतात. उंदरांची वहिवाट समजून घ्यायची तर नव्या टेक्निशियनने त्यांच्याबरोबर एक रात्र चालावं.

कमाईचंही बोललं पाहिजे. अन्नव्यवसायाच्या परवान्यासाठीच्या २०११ च्या नियमांत, परिशिष्ट ४ मध्ये, कीडनियंत्रण बंधनकारक आहे. त्यामुळे हॉटेल, खानावळ, फरसाणवाला यांची वार्षिक कंत्राटं हा धंद्याचा पाया ठरतो. पण शेजारच्यापेक्षा शंभर रुपये कमी सांगून मिळवलेलं कंत्राट पातळ औषधाने किंवा चुकवलेल्या फेरीने भरून काढावं लागतं. गिऱ्हाईक दर विचारतं तेव्हा बहुतेक जण खोल्या मोजतात. कीड किती, कुठे आणि का, हे न पाहता सांगितलेला दर हा निव्वळ अंदाज असतो.

म्हणून पेस्ट कंट्रोल व्यावसायिकांच्या या परिषदेपुढे तीन सूचना आहेत. नव्या टेक्निशियनला पहिला महिनाभर पंप न देता फक्त टॉर्च, भिंग आणि वही द्यावी. प्रत्येक कामाआधी गिऱ्हाइकाला मराठीत एक पानी पाहणी अहवाल द्यावा, त्यात किडीची वाट, गळती, फटी आणि गिऱ्हाइकाने स्वतः करायच्या दुरुस्त्या लिहाव्यात. तिसरी सूचना बहुतेकांना रुचणार नाही: पाहणीची फी वेगळी घ्यावी, काम मिळो वा न मिळो. 'फ्री इन्स्पेक्शन'ची पाटी लावून आपणच आपल्या सर्वांत कष्टाच्या कामाची किंमत शून्य केली आहे. फी किती असावी, चाळीला आणि हॉटेलला एकच की वेगळी, आणि छोट्या एकट्या व्यावसायिकाला ती परवडेल का, यावर मतभेद होणार हे उघड आहे. जेवणानंतरच्या सत्रात हाच विषय पहिला घ्यावा आणि गेल्या वर्षभरात या धंद्यात आलेल्यांना आधी बोलू द्यावं, अशी संयोजकांना विनंती आहे.