शिंगांच्या शिरस्त्राणामागचा माणूस



‘हीदन’ हा शब्द महाराष्ट्राला अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकातील मिशनरी येथील मूर्तिपूजकांना याच शब्दाने हिणवीत. आज युरोप-अमेरिकेतील काही मंडळींनी ते नाव स्वखुशीने स्वीकारले आहे. ओडिन, थॉर, फ्रेया या ख्रिस्ती धर्मप्रसारापूर्वीच्या देवतांची उपासना त्यांनी नव्याने आरंभिली आहे. आइसलँडमध्ये १९७२ साली स्वेइन्ब्योर्न बेइन्टेइन्सन या शेतकरी कवीच्या पुढाकाराने आसात्रू संघ स्थापन झाला; १९७३ मध्ये त्यास शासनमान्यता मिळाली. जेमतेम चार लाख वस्तीच्या त्या देशात आज त्याचे पाच हजारांहून अधिक सभासद आहेत.

वृत्तपत्रांतून व पडद्यावर मात्र हा उपासक दिसतो तो शिंगांचे शिरस्त्राण घातलेला, हाती कुऱ्हाड घेतलेला, रक्तपिपासू. वस्तुतः व्हायकिंग योद्धे अशी शिरस्त्राणे घालीत, याला पुरातत्त्वाचा आधार नाही. नॉर्वेत येर्मुंडबू येथे १९४३ साली सापडलेल्या व्हायकिंगकालीन शिरस्त्राणाला शिंगे नाहीत. ती रूढ केली वाग्नरच्या संगीतनाट्यांनी. १८७६ च्या बायरॉइट येथील प्रयोगासाठी कार्ल एमिल डोप्लरने तशी वेशभूषा योजिली होती. रंगभूमीवरची कल्पना इतिहास म्हणून खपली, आणि तो इतिहास जिवंत माणसांच्या माथी मारला गेला.

असे का होते? चित्र हीही बाजारातील एक विक्रेय वस्तू आहे. तयार साच्यातील चित्र स्वस्त पडते आणि चटकन विकले जाते. पावसाळी अंगरख्यात माळावर उभे राहून काव्यपठण करणारे, पेला उंचावून देवतांचे व पूर्वजांचे स्मरण करणारे आणि नंतर सहभोजनास बसणारे शिक्षक वा परिचारिका यांच्या चित्राला बाजारभाव नसतो.

या व्यवहाराचा लाभ वंशवाद्यांना होतो. नाझींनी रून लिपीची चिन्हे आणि स्वस्तिक पळविले. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनच्या संसदभवनात घुसलेल्या एका शिंगधारी दंगेखोराच्या अंगावर थॉरचा हातोडा गोंदलेला होता. त्याचे छायाचित्र जगभर गेले. याच्या उलट, समलिंगी जोडप्यांचे विवाह लावणाऱ्या आइसलँडच्या संघाला २०१५ साली परदेशांतील प्रतिगामी उपासकांकडून द्वेषपत्रे आली, आणि २०१६ मध्ये अनेक हीदन संस्थांनी ‘घोषणापत्र १२७’ द्वारा एका वंशवादी अमेरिकन संघटनेशी जाहीरपणे संबंध तोडले. हा अंतर्गत संघर्ष किती वाचकांच्या दृष्टीस पडला?

उपाय गोडगुलाबी चित्रे रंगविण्याचा नाही. या पंथात वंशवादी आहेत, हे सत्य झाकता कामा नये. पण त्यांचे चित्र छापताना संघटनेचे नाव द्यावे, सबंध समाजाचे प्रतीक म्हणून ते वापरू नये. उपासनेच्या बातमीसोबत उपासनेचेच, संमतीने घेतलेले छायाचित्र असावे, नटाचे नव्हे. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २०१३ साली दिवंगत सैनिकांच्या समाधिशिलांसाठी थॉरच्या हातोड्याचे चिन्ह मान्य केले. दंगेखोराच्या देहावरचा हातोडा जितका खरा, तितकाच त्या शिलेवरचाही खरा आहे.

प्रश्न मूठभर उपासकांपुरता नाही. दाराशी स्वस्तिक रेखणाऱ्या समाजाला तो सहज उमगावा. अल्पसंख्याकांचा चेहरा बाजाराने ठरवावा की त्यांनी स्वतः, हा लोकशाहीचाच प्रश्न आहे.