वायफाय सारखे तुटते तेव्हा



विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. म्हणून पुष्कळांनी कॉम्प्युटरवर विंडोज ११ घेतले. ते बरेच केले. पण कुठे कुठे नवीच पीडा झाली. वायफाय लागते अन् घडीभरात तुटते. पोराच्या शिष्यवृत्तीचा अर्ज अर्ध्यावर राहतो. मुदत काही थांबत नाही!

लोक आधी राउटरला बोल लावतात. आम्ही म्हणतो, त्याच वायफायवर मोबाइल लावून पाहू. तो नीट चालला, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे बरं का! वायफायच्या यंत्राकडून काम करून घेणारा तो प्रोग्राम. नव्या विंडोजशी जुन्या ड्रायव्हरचे नेहमी पटतेच असे नाही.

'डिव्हाइस मॅनेजर' उघडू. 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली वायफायचे नाव असते. त्यावर दोनदा टिचकी मारू. तिथे 'पॉवर मॅनेजमेंट' असेल, तर वीज वाचवायला यंत्र बंद करण्याच्या परवानगीपुढची खूण काढू. एवढ्यानेही कधी कधी भागते. नाही भागले, तर कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर मोबाइलवर उतरवू अन् केबलने कॉम्प्युटरवर नेऊ.

'नेटवर्क रीसेट' मात्र अगदी शेवटी. त्यात साठवलेले वायफायचे पासवर्ड पुसले जातात. ते आधी वहीत लिहून घेऊ.