आमची खेपवही आणि विजेची गाडी



आज आम्ही गाडीबद्दल बोलणार आहोत. माल वाहायची गाडी, आपण जिला छोटा हत्ती किंवा पिकअप म्हणतो ती. आमच्या ग्रामसंघात अकरा गट. कुणाच्या शेंगा, कुणाचा तांदूळ, कुणाची काकवी, कुणाची कांदा-लसूण चटणी, आणि बारा महिने भाजी. हे सगळं भाड्याच्या टेम्पोतून कोल्हापूरला जातं. टेम्पोवाला म्हणेल ती वेळ आणि तो म्हणेल ते भाडं. त्याच्या घरी लग्न निघालं की आमची मेथी दारातच पिवळी पडते. म्हणून गाडी घ्यायची असं ठरलं. कुठली घ्यायची, यावर मात्र चार महिने चर्चा चालली.

सुरुवात एका व्हिडिओनं झाली. आमच्यातल्या एकीच्या मुलानं मोबाईलवर परदेशातला पिकअप ट्रक दाखवला. बीवायडी नावाच्या चिनी कंपनीचा हा 'शार्क' मे २०२४ मध्ये मेक्सिकोत बाजारात आला. याला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. म्हणजे गाडीत मोठी बॅटरी असते, ती घरच्या वीजजोडणीवर चार्ज करायची. शिवाय पेट्रोलचं इंजिनही असतं. रोजचं जवळचं जाणं-येणं विजेवर होतं आणि लांबचा पल्ला असेल किंवा वीज नसेल तेव्हा पेट्रोल. बायकांना ही कल्पना फार पटली. "लाईट गेली तरी अडायचं नाही, हीच घेऊया," असं दोघी-तिघींनी तिथंच जाहीर केलं.

अडचण एवढीच की अशी पिकअप आपल्याकडे विकत मिळत नाही. आणि मिळाली असती तरी आम्ही घेतली नसती. ती गाडी पाच माणसं आरामात बसवून मागं थोडं सामान टाकणाऱ्यांसाठी आहे. एवढं धूड, पण ओझं उचलतं सुमारे ८०० किलो. आपल्याकडचा छोटा हत्तीही जवळजवळ तेवढंच नेतो, आणि त्याची किंमत ऐकून घाम फुटत नाही.

पण त्या व्हिडिओनं एक बरं केलं. आमचं रोजचं जाणं किती, ओझं किती आणि अडीनडीचे दिवस किती, हा प्रश्न पुढं आला. याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. जी ती अंदाजानं बोलत होती. "रोज टनभर माल असतोय की," असं एकजण म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग आम्ही शंभर पानी वही आणली, तिच्यावर 'खेपवही' लिहिलं आणि महिनाभर प्रत्येक खेप टिपली. कुठून किती किलो चढलं, किती किलोमीटर झाले, भाडं किती दिलं, येताना गाडी भरलेली होती की रिकामी. मैत्रिणींनो, गाडीच्या शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी ही वही घालाच. आमचं निम्मं भांडण तिनं मिटवलं.

महिन्यात २२ खेपा झाल्या. गावागावांतून माल गोळा करत वाघबीळ, केर्लीवरून कोल्हापूर आणि परत, असे खेपेला सरासरी ६० किलोमीटर. बावीसपैकी अठरा खेपांत माल ५०० किलोच्या आत होता. टनाच्या वर गेलेल्या खेपा फक्त चार, त्याही तांदूळ आणि गुळाच्या. भाडं खेपेला ११००, म्हणजे महिन्याला २४,२०० रुपये आमच्या हातून जात होते. आणि बावीसच्या बावीस वेळा गाडी रिकामी परत आली. हा शेवटचा आकडा वहीत दिसेपर्यंत कुणाच्या डोक्यातही नव्हता.

वही घेऊन आम्ही गाड्या बघायला निघालो. डिझेलची मोठी पिकअप दीड टन ओढते, दणकट असते, कुठल्याही गावात तिचा मिस्त्री सापडतो. पण चार खेपांसाठी अठरा खेपा तिला अर्धी रिकामी पळवायची, हे आम्हाला पटेना. दुसरा पर्याय सीएनजी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या गाडीचा. टाटांची इंट्रा व्ही-२० ही अशी पिकअप २०२२ मध्ये आली. जून २०२५ मध्ये त्यांनी एस प्रो ही लहान गाडी काढली. तिच्यात पेट्रोल, दुहेरी इंधन आणि वीज असे तीन प्रकार आहेत आणि ती ७५० किलो ओझं नेते. आली तेव्हा पेट्रोलवालीची किंमत ३ लाख ९९ हजारांपासून, दुहेरी इंधनाची ४ लाख ९९ हजारांपासून आणि विजेवालीची साडेसहा लाखांपासून होती. दुहेरी इंधनवालीत सीएनजी संपला तर पाच लिटरची पेट्रोलची टाकी आहे. व्हिडिओतल्या गाडीची खरी बहीण हीच. पण सीएनजीचा पंप आमच्या गावापासून लांब. भाजी पहाटे पोचवायची असते, तेव्हा गॅसच्या रांगेत कोण थांबणार? ज्यांच्या वाटेवर पंप आहे त्यांनी मात्र या गाडीचा जरूर विचार करावा. किंमत कमी आहे आणि अडीनडीला पेट्रोल आहे.

राहिली विजेची गाडी. तिच्याबद्दल सगळ्यांच्या मनात भीती एकच होती, घाट. वाघबिळाची चढण ही चढेल का? इथं आमच्यातल्या बीएस्सी झालेल्या सूनबाईंनी फळ्यावर गणित मांडलं. दोन टन वजन सरळ १०० मीटर उंच न्यायला जेमतेम अर्धं युनिट वीज लागते. वाटेत वाया जाणारी धरा आणि पाऊण युनिट म्हणा. म्हणजे घाट बॅटरी खातो, पण आपण समजतो तेवढी नाही. आणि उताराला ब्रेक लावताना हीच गाडी थोडी वीज परत बॅटरीत भरते. आमचा माल खाली उतरतो आणि गाडी वर येते ती रिकामी. गडाखालच्या गावांना हे फार सोयीचं आहे. डिझेलच्या गाडीला उतार लागला की ब्रेक तापतात, एवढाच काय तो हिशेब.

कंपनी सांगते की ही विजेची गाडी एका चार्जवर १५५ किलोमीटर जाते. आम्ही १०० धरले. कंपनीचे आकडे ठरावीक चाचणीतले असतात. आमच्या रस्त्यावर खड्डे आहेत, ओझं आहे, आणि दर दोन किलोमीटरला थांबून क्रेट चढवायचे आहेत. बॅटरी १४.४ युनिटांची. साठ किलोमीटरच्या खेपेला दहा युनिट, युनिटला दहा रुपये धरले तर शंभर रुपये. डिझेलच्या गाडीला तेवढ्याच वाटेला पाच लिटर, म्हणजे साडेचारशेच्या आसपास. हे ऐकून बैठकीत टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर आम्ही पुढचं पान उलटलं. हे पान शोरूमवाला दाखवत नाही. गाडी रस्त्यावर येईपर्यंत सात लाख धरा. एक लाख आमच्या बचतीतून, सहा लाख कर्ज. दहा टक्के व्याज आणि पाच वर्षं धरली तर हप्ता सुमारे १२,७५० रुपये. अठरा खेपांची वीज १,८००. चालवणारीची मजुरी खेपेला ४००, म्हणजे ७,२००. विमा, टायर, सर्व्हिसिंग यांचे महिन्याला ३,०००. आणि जड चार खेपांना भाड्याची पिकअप लागणारच, तिचे ४,४००. बेरीज झाली २९,१५०. आज आम्ही देतो २४,२००. म्हणजे स्वतःची गाडी घेतली तर महिन्याला ४,९५० रुपये जास्त जाणार!

सभेत शांतता पसरली. मग आमच्यातली एक वयस्कर आक्का म्हणाली, "त्यातलं बहात्तरशे आपल्याच बाईच्या हातात पडत्यात न्हवं? मग ते गेलं कसं म्हणायचं?" बरोबर आहे. टेम्पोवाल्याला दिलेला पैसा गावाबाहेर जातो, हा आमच्यातच राहतो. पण हप्ता तिच्या मजुरीतून भागत नाही, तो महिन्याच्या महिन्याला रोख भरावाच लागतो. उत्तर निघालं ते वहीच्या शेवटच्या रकान्यातून, बावीस रिकाम्या परतीच्या खेपांतून. गावातल्या दुकानांचा किराणा, कोंबडीचं खाद्य, जनावरांची पेंड हे सगळं कोल्हापुरातून वर येतंच, आणि त्याचंही कुणीतरी भाडं देतंच. परतीला ३०० रुपयांचा माल मिळाला तर अठरा खेपांचे ५,४०० होतात. तूट भरून ४५० रुपये उरतात. फार नाहीत. पण पाच वर्षांनी हप्ता संपतो आणि गाडी उरते. म्हणून आम्ही आधी दुकानदारांकडे गेलो. आठ जणांनी हो म्हटल्यावर मगच बँकेची पायरी चढलो.

पावसाचं काय, हा प्रश्न येणारच. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण कुणी विसरलेल्या नाही. केर्लीजवळ रस्त्यावर पाणी, बाजारभोगावला कासारीचं पाणी, आणि दोन-दोन दिवस वीज नाही. अशा वेळी विजेची गाडी अडते, हे खरं. पण केर्लीला पाणी आलं की डिझेलची गाडीही दारातच उभी राहते. आम्ही ठरवलंय की जुलै-ऑगस्टमध्ये वीज असेल तेव्हा गाडी लावून ठेवायची, बॅटरी भरलेलीच असली पाहिजे. चार्जिंगची जागा उंचावर आणि पत्र्याखाली, अर्थिंग तपासून घेतलेली. मोबाईलसारखी ओढून आणलेली वायर चालणार नाही.

आता नावाचा विषय. गाडीची बातमी फुटल्याबरोबर एका सदस्येचे मालक म्हणाले, "गाडी माझ्या नावावर घ्या, मी चालवतो, तुम्हाला कशाला त्रास." माणूस चांगला आहे. पण कर्ज ग्रामसंघाचं, बचत शंभरावर बायकांची, आणि आरसी बुक एका माणसाच्या नावावर, हे जमणार नाही, असं आम्ही त्यांना चहा देऊन सांगितलं. बँकेचा कागद, आरसी बुक आणि विमा या तिन्हींवर एकच नाव हवं आणि ते आपलं हवं. हे ठरेपर्यंत कुठंही सही करू नका.

चालवायला आमच्यातल्याच दोघी तयार झाल्या आहेत. एक अनेक वर्षं स्कूटी चालवते, दुसरी ट्रॅक्टर. अवजड वाहनाचं वेगळं लायसन्स लागेल या भीतीनं बऱ्याच जणी मागं सरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलंय की हलक्या मोटार वाहनाच्या, म्हणजे कारच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येतं. शिकाऊ लायसन्स काढा, तीस दिवसांनी पक्की परीक्षा द्या. कोल्हापुरात पिंक ई-रिक्षा योजनेत महिला रिक्षा चालवायला पुढे आल्याच आहेत. त्या योजनेत राज्य सरकार वीस टक्के देतं, दहा टक्के आपले आणि सत्तर टक्के बँकेचे. ती प्रवासी वाहतुकीसाठी आहे, मालाला लागू नाही. मालाच्या विजेच्या गाडीला राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार काय सवलत मिळते, ते पासिंगच्या वेळी आरटीओत लेखी विचारून घ्या. जीएसटी विजेच्या गाडीवर पाच टक्के आहे. डिझेलच्या मालवाहू गाड्यांवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून अठ्ठावीसवरून अठरावर आलाय. त्यामुळं जुनी दरपत्रकं कुणी पुढं केली तर नवीन मागा.

एक गोष्ट मात्र कडक बोलून ठेवतो. मालाच्या गाडीच्या हौद्यात बायका बसवायच्या नाहीत. ज्योतिबाच्या यात्रेला नाही, बाजारालाही नाही. आपण सगळ्या आयुष्यभर टेम्पोच्या मागं बसून हिंडलोय, ते ठाऊक आहे. पण मालवाहू गाडीचा विमा अशा प्रवाशांना संरक्षण देत नाही. काही झालं तर भरपाईचा बोजा गाडीच्या मालकावर, म्हणजे आमच्या शंभर जणींवर येईल. हा ठराव आम्ही गाडी येण्याआधीच लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्यात. जाताना एसटी किंवा वडाप आहेच.

कर्जाचा अर्ज बँकेत गेलाय. गटांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कुणी घराचा उतारा मागितला तर हा नियम नम्रपणे आठवण करून द्या. बॅटरीची हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, ती संपल्यावर नवीन बॅटरी कितीला, सर्व्हिसिंग कोल्हापुरात होणार की गाडी आणखी लांब न्यावी लागणार, ही तीन उत्तरं आम्ही विक्रेत्याकडून लेटरहेडवर मागितली आहेत. त्यातली दोन आली आहेत. तिसरं आल्याशिवाय बुकिंगचे पैसे द्यायचे नाहीत.

तोवर तुमच्याकडे एक काम आहे. वाघबीळ ते कोल्हापूर या रस्त्यावरच्या गावांत ज्यांचं दुकान आहे, गिरणी आहे, कोंबड्या आहेत, त्यांनी आपल्याला कोल्हापुरातून काय, किती किलो आणि कुठल्या वारी आणायचं असतं ते आपल्या गटाच्या सचिवाकडे लिहून द्या. आमची गाडी दुपारी दोनच्या सुमारास शाहू मार्केट यार्डातून परत फिरेल. मंगळवार आणि शुक्रवारच्या परतीच्या खेपा अजून मोकळ्या आहेत.