पात्रांचा गोतावळा आणि लेखकाचे नाव



या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान शाळेने मला दिला, याबद्दल मी ऋणी आहे. ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांनी छत्रीबागेच्या या परिसरात मुलांना वाचनाची गोडी लावली. म्हणून वाचनाशी निगडित, पण काहीसा दुर्लक्षित असा विषय मी निवडला आहे. एका कथामालेचे चाहते दुसरीकडे कसे वळतात, आणि त्यात लेखकाचा वाटा किती असतो, हा तो विषय होय.

आरंभी एक परदेशी उदाहरण घेऊ. इंग्लंडमध्ये बी.बी.सी.वर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी 'डॉक्टर हू' ही विज्ञानकल्पित मालिका सुरू झाली. तिच्यातील 'डॅलेक' या विख्यात खलपात्रांचा जनक टेरी नेशन. याच लेखकाने पुढे १९७५ मध्ये 'सर्व्हायव्हर्स' आणि १९७८ मध्ये 'ब्लेक्स सेव्हन' या मालिका निर्माण केल्या. 'डॉक्टर हू'साठी लिहिणारे ख्रिस बाउचर 'ब्लेक्स सेव्हन'चे पटकथा-संपादक झाले. रॉबर्ट होम्स यांनीही दोन्हींसाठी लेखन केले. यामागे गूढ काही नाही. दर आठवड्याला भाग सिद्ध करावयाचा, तर संपादक भरवशाच्या लेखकालाच हाक मारणार. परिणाम मात्र मोठा झाला. एका मालिकेचा चाहता दुसरीच्या दाराशी आला की आतून ओळखीचा आवाज ऐकू येई. पात्रे निराळी, जग निराळे. पण सांगणारा तोच. रसिकांनी लेखकांची नावे ध्यानात ठेवली, आणि त्या नावांच्या आधारे ते एका कथेतून दुसऱ्या कथेत गेले.

आता आपल्या अंगणात येऊ. भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म ३१ मे १९१० रोजी आपल्या इंदूर शहरात झाला. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, हा त्यांचा मानसपुत्र. बिपीन बुकलवार हाही त्यांचाच. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत आणणारेही तेच. पुण्याच्या गल्लीबोळांतून धावणारा फेणे आणि चंद्राकडे झेपावणारे व्हर्नचे वीर यांत वरवर साम्य नाही. तरीही एकाचा वाचक दुसऱ्याकडे सहज जाई, कारण दोहोंमागे एकच कुतूहल होते: पुढे काय आहे, ते स्वतः जाऊन पाहावे.

फेणे १९८० च्या दशकात दूरदर्शनवर आला. सुमीत राघवन यांनी ती भूमिका केली. २०१७ मध्ये तो चित्रपटात आला, आणि त्यात भागवतांची भूमिका केली दिलीप प्रभावळकर यांनी. येथे आणखी एक धागा सापडतो. हेच प्रभावळकर पूर्वी दूरदर्शनच्या 'चिमणराव' मालिकेतील चिमणराव होते. तो चिमणराव ज्यांच्या लेखणीतून उतरला ते चिं. वि. जोशी बडोद्यास पाली भाषेचे प्राध्यापक होते. शिवाय प्रभावळकर स्वतः लेखक. 'बोक्या सातबंडे' त्यांचाच, आणि २००१ मध्ये सुरू झालेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिकाही त्यांच्याच 'अनुदिनी'वर आधारलेली. फेणे, चिमणराव, बोक्या आणि टिपरे ही चार घरे अशी एका अंगणात येतात. आणि लक्षात घ्या, या अंगणाच्या दोन भिंती इंदूर व बडोदे येथे आहेत. मराठी कथाविश्व केवळ पुण्यामुंबईने उभारलेले नाही.

परंतु आज मला एक चिंता वाटते. फाफे ठाऊक असलेली मुले मला या शहरात भेटतात. त्याचा लेखक याच शहरात जन्मला हे सांगितले की ती चकित होतात. पात्र उरले आणि लेखकाचे नाव गळून पडले, तर नुकसान केवळ मानसन्मानाचे नाही. नाव ही वाट आहे. ते ठाऊक नसेल तर फेण्यावरून व्हर्नकडे, किंवा चिमणरावावरून चिं. वि. जोशींच्या अन्य विनोदी लेखनाकडे मूल जाणार कसे? महाराष्ट्रात निदान शेजारपाजार तरी ती वाट दाखवतो. येथे, जिथे मराठी बहुधा घराच्या उंबरठ्याआत उरते, ती वाट दाखविणे शाळेलाच भाग आहे.

म्हणून एक लहानशी सूचना करतो. ग्रंथालयातील पुस्तके इयत्तेप्रमाणे लावा, पण एक कपाट लेखकांच्या नावाने लावा, आणि पहिला कप्पा भा. रा. भागवतांचा असू द्या. मुलांनी वाचलेल्या पुस्तकाची नोंद करताना लेखकाचे नाव आधी लिहावे व त्याचे आणखी एक पुस्तक मागावे. ज्या गुरुजनांचे आपण आज स्मरण करीत आहोत, त्यांच्या कार्याला हे साजेसे होईल.