डॉक्टरीणबाईंनी संगणक उघडला तेव्हा



गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेला बत्तिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. दवाखान्यात मुलांच्या डॉक्टरीणबाईंनाही बोलावले. त्या म्हणाल्या, "बाळाची फुप्फुसे कच्ची असतील. आईला बारा-बारा तासांनी चार इंजेक्शने देऊ." औषध स्टिरॉइडचे. सासूबाई घाबरल्या, मीही घाबरले. मोबाइलवर त्या नावाविषयी नाही नाही ते वाचलेले! तसे मी बोलूनही दाखवले. बाईंनी न रागावता संगणक उघडला. मला वाटले, अगबाई, हिलाच ठाऊक नाही की काय!

मी सातवी शिकलेली; इंग्रजी मला काय कळणार? पण त्यांनी एक गोल चिन्ह दाखवले. मधोमध उभी रेघ आणि तिच्यावर लहानमोठ्या आडव्या रेघा. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे याच औषधाचा एक प्रयोग. रेघ डावीकडे सरकली, तर औषधाने बाळे वाचतात. उभ्या रेघेला शिवली, तर त्या एका प्रयोगावरून खात्री देता येत नाही. सर्वांची बेरीज खाली, अगदी डावीकडे. मंडळाचा हिशेब लिहिणाऱ्या मला हे चटकन उमगले.

पुढे बाईंनी सारी हकीकत सांगितली. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउवी या डॉक्टरांनी १९७२ साली पहिला प्रयोग प्रसिद्ध केला. मग आणखी झाले. पण ते नीट एकत्र मांडायला १९८९ साल उजाडले. तोवर कित्येक डॉक्टरांना या औषधाचा गुण पुरता कळलाच नव्हता. किती बाळे हकनाक गेली असतील! पुरावा होता, पण विखुरलेला. दिवसभर रोगी तपासणाऱ्या डॉक्टरांनी तो शोधायचा केव्हा? म्हणून १९९३ साली कॉक्रेन नावाची संस्था निघाली. जगभरचे प्रयोग गोळा करायचे, कच्चे-पक्के पारखायचे आणि बेरीज मांडायची, हे तिचे काम. ते चिन्ह तिचेच.

जावेला इंजेक्शने दिली. दोन दिवसांनी मुलगी झाली, अठरा दिवस काचेच्या पेटीत राहिली. मी बाईंना म्हटले, "तुमच्या औषधानेच वाचली हो!" तर त्या हसून म्हणाल्या, "एका बाळावरून असे ठरवता येत नाही, वहिनी." मला जरा रागच आला. पण बोलल्या ते खरे.

मघापासून मागच्या रांगेत ओरडते आहे, तीच ती.