एका युनिटचा भाव

लग्नसराई जवळ आली की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवणाऱ्या इंजेक्शनांच्या जाहिराती वाढतात. त्यांत एक आकडा ठळक छापलेला असतो : बोटॉक्स, अमुक रुपये युनिट. हा आकडा अगदी खरा असला, तरी त्यावरून आपल्याला किती खर्च येणार ते कळत नाही, आणि दोन दवाखान्यांची तुलना तर त्यावरून मुळीच करता येत नाही, एवढीच गोष्ट मला आज मांडायची आहे. भाव विचारण्यात गैर काहीच नाही. मात्र ज्या मापावर भाव सांगितला जातो, ते माप सगळीकडे सारखे असावे लागते. इथे ते तसे नाही.

या औषधाचे मूळ नाव बोट्युलिनम टॉक्सिन. शिळ्या किंवा नीट न टिकवलेल्या अन्नात वाढणारा एक जिवाणू ते तयार करतो, आणि ज्ञात विषांमध्ये ते अत्यंत जहाल मानले जाते. अतिशय सूक्ष्म मात्रेत स्नायूत टोचले की मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा आकसण्याचा निरोप अडतो, स्नायू सैल पडतो आणि त्याच्यावरची आठी मिटते. ही मात्रा वजनात मोजणे सोयीचे नसल्यामुळे युनिट हे माप आले. त्याची मूळ व्याख्या उंदरांवर बेतलेली आहे : टोचलेल्या उंदरांपैकी निम्मे ज्या मात्रेने मरतात, ते एक युनिट. ऐकायला हे बरे वाटत नाही, पण हिशेबाला महत्त्वाचे आहे. कारण ही चाचणी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने करते, आणि त्यामुळे एका कंपनीचे युनिट दुसरीच्या युनिटाबरोबर बदलून चालत नाही. दोन भुवयांच्या मधल्या उभ्या आठ्यांसाठी बोटॉक्सची मान्य मात्रा २० युनिट आहे. त्याच आठ्यांसाठी डिस्पोर्ट या दुसऱ्या कंपनीच्या औषधाची मात्रा ५० युनिट आहे. आता समजा, एका ठिकाणी बोटॉक्स ४०० रुपये युनिट आहे आणि शेजारी डिस्पोर्ट १८० रुपये. पाटी वाचणारा शेजारी जाईल. पण पहिल्या ठिकाणी बिल होईल ८,००० रुपये आणि दुसऱ्या ठिकाणी ९,०००. यात डिस्पोर्टला दोष नाही. दोष आहे नुसत्या युनिटचा भाव छापणाऱ्या पाटीचा.

दुसरी अडचण कुपीतच आहे. बोटॉक्स कोरड्या स्वरूपात येते, आणि टोचण्याआधी डॉक्टर त्यात सलाइन घालतात. १०० युनिटांच्या कुपीत अडीच मिलिलिटर घातले, तर प्रत्येक दशांश मिलिलिटरमध्ये चार युनिट येतात. पाणी घालणे हा उपचाराचाच भाग आहे. काही डॉक्टर विचारपूर्वक ते कमी-जास्तही ठेवतात. प्रश्न येतो तो पाणी वाढवून मात्रा तीच सांगितली तर. दुधातले पाणी निदान चवीला तरी कळते. हे द्रावण स्वच्छ, बिनरंगी असते आणि सिरिंजमध्ये किती युनिट आहेत हे समोरच्याला दिसूच शकत नाही. शंका येते ती परिणाम लवकर ओसरला म्हणजे, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात. म्हणून कुपी समोर उघडायला सांगणे, तिच्यावरचे नाव आणि मुदत वाचणे, किती युनिट कुठे टोचले ते कागदावर मागणे, यात संकोच करण्यासारखे काही नाही. चांगला डॉक्टर ही नोंद तशीही ठेवतोच.

पण मला सर्वांत मोठी चूक वाटते ती एका भेटीचे बिल म्हणजे खर्च समजण्याची. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पुरा होतो आणि साधारण तीन ते चार महिन्यांत उतरतो. भुवयांमध्ये २०, दोन्ही डोळ्यांच्या कडांना मिळून २४ आणि कपाळाला २० अशी मान्य मात्रा धरली, तर ६४ युनिट होतात. आपल्या त्याच कल्पित ४०० रुपयांनी एका वेळचे २५,६०० आणि वर्षातून तीनदा केले तर ७६,८०० रुपये, करबीर सोडून. आरोग्यविमा निव्वळ सौंदर्योपचाराचे पैसे देत नाही. जाहिरातीतला आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहावेत.

यावर कोणी म्हणेल, कुपीत औषध असते काही नॅनोग्रॅम, मग एवढे पैसे कशाचे? आक्षेप बिनबुडाचा नाही. या किमतीत कंपनीचा नफा आणि दवाखान्याच्या पत्त्याचे भाडेही असते. तरी मोठा भाग हाताचा आहे. सुई थोडी चुकली, औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरले, तर पापणी उतरते आणि काही आठवडे तशीच राहते. त्वचेखाली भर घालण्यासाठी टोचले जाणारे हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर एका विकराने विरघळवता येते. टोचलेल्या बोटॉक्सला असा उतारा नाही, वाट पाहणे एवढेच उरते. चेहऱ्याचे स्नायू जाणणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञाला किंवा प्लास्टिक सर्जनला आपण याचे पैसे देतो. मात्र महाग म्हणजे चांगले, असेही नाही. आणि फार स्वस्ताचा धोका कल्पित नाही : २०२४ मध्ये अमेरिकेत अनेक राज्यांत बनावट किंवा चुकीच्या हातांनी दिलेल्या इंजेक्शनांमुळे लोक आजारी पडले आणि तिथल्या आरोग्य यंत्रणांना जाहीर इशारा द्यावा लागला.

दुसरा आक्षेप नैतिक आहे : हा सगळा नटण्याचा सोस, त्याचा हिशेब कशाला मांडायचा? पण हेच औषध अमेरिकेत १९८९ मध्ये तिरळेपणासाठी मान्य झाले, २०१० मध्ये जुनाट अर्धशिशीसाठी. आठ्यांसाठीची मान्यता २००२ ची. आणि सोस म्हटला तरी आपण दागिन्याची घडणावळ विचारतोच. इथे विचारणाऱ्याच्या मनात आणखी एक भीती असते, की एकदा सुरू केले की सोडता येत नाही, सोडले तर चेहरा आधीपेक्षा बिघडतो. तसे होत नाही. औषध उतरले की स्नायू पूर्ववत चालू लागतो आणि आठ्या हळूहळू परततात, इतकेच. म्हणजे वर्षाचा तो आकडा डोळे उघडे ठेवून मान्य करता येतो, आणि नकोसा झाला तर पुढची तारीख न घेता थांबताही येते. ‘आता थांबलात तर वाईट दिसाल’ असे सांगून पॅकेज विकणाऱ्याला त्याचा पुरावा मागावा.