औषध मोजता, मग पाणीही मोजा
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



फवारणीच्या दिवशी आपण औषध मोजून घेतो, पाणी मात्र अंदाजाने घेतो. द्रावणाची तीव्रता दोहोंवर ठरते. एक माप चुकले, की दुसरे अचूक असून उपयोग नाही.

हे मी ठेच लागून शिकलो. पदवीच्या शेवटच्या वर्षी घरच्या कांद्यात तणनाशक फवारले. जुनी बादली १५ लिटरची धरली आणि १० बादल्यांना १५० लिटरच्या हिशेबाने औषध टाकले. काही दिवसांत कोवळी पात जागोजागी भाजली. मग बादली काट्यावर ठेवली, तर पाणी भरले १२ किलो. म्हणजे द्रावण सव्वापट तीव्र झाले होते. वडील काही बोलले नाहीत. ती बादली मात्र त्यांनी गोठ्यात नेऊन ठेवली.

म्हणून आधी बादली तपासा. १ लिटर पाण्याचे वजन जवळजवळ १ किलो असते. रिकामी बादली काट्यावर ठेवून वजन पाहा, त्यात बरोबर १० किलो पाणी भरा आणि पातळीवर न पुसणारी खूण करा. ही झाली १० लिटरची खात्रीची बादली.

आता ड्रम. ड्रमला वळ्या असतात, तळ सपाट नसतो. ड्रम सपाट जागी ठेवा. खुणेच्या बादलीने १० लिटर पाणी ओता, मधोमध सरळ काठी टेकवा आणि ओल्या रेषेवर करवतीने खाच पाडा. प्रत्येक बादलीनंतर असेच करा. पडताळा हवा असेल तर आतील व्यासाचा सेंटिमीटरमध्ये वर्ग करून त्याला ०.७८५ ने गुणा आणि १००० ने भागा. व्यास ५७ सेंटिमीटर असेल, तर उंचीच्या दर सेंटिमीटरला सुमारे अडीच लिटर पाणी बसते. काठी त्याच ड्रमसाठी ठेवा. दुसऱ्या ड्रमला ती चालणार नाही.

औषधासाठी बाटलीचे झाकण वापरू नका. खुणांचे मापपात्र घ्या, सपाट जागी ठेवा आणि डोळा पातळीच्या रेषेत आणून वाचा. दाट औषध पात्राला चिकटून राहते, म्हणून पात्र दोन-तीनदा विसळून ते पाणी ड्रममध्येच ओता. हातमोजे घाला. हे पात्र आणि ती बादली स्वयंपाकघरात किंवा जनावरांच्या पाण्यासाठी कधीही नेऊ नका.

शेवटचे माप शेतातले. तणनाशकाची शिफारस एकरावर असते, त्यामुळे आपल्याला एकरी किती पाणी लागते हे माहीत हवे. पंपात खुणेपर्यंत साधे पाणी भरा आणि नेहमीच्या चालीने १ गुंठा फवारा. मग पुन्हा त्याच खुणेपर्यंत मोजून पाणी भरा. जेवढे लिटर लागले त्याला ४० ने गुणा. ५ लिटर लागले, तर एकरी २०० लिटर, म्हणजे १६ लिटरचे साडेबारा पंप. एकराचे औषध एवढ्याच पाण्यात विभागा. नोझल बदलले किंवा फवारणारा माणूस बदलला, की ही चाचणी पुन्हा करा.

एका सकाळचे हे काम आहे. हंगामाआधी काठीला खाचा पाडून घ्या, एवढी विनंती करून मी थांबतो.